आवडाकाकूचा डावा हात

परवा माझी धाकटी मुलगी मासिक हातात घेऊन स्वयंपाकघरात आली. त्यात मुलींसाठी चेहऱ्याचे घरगुती उपाय दिले होते. मसुरीचं पीठ, साय, काकडीचा रस, आणि शेवटी लिंबाची साल. माझ्या विळीजवळ साल पडलीच होती, ती तिनं उचलली. मी म्हटलं, "आधी हाताला विचार."

ती हसली. म्हणाली, "कुणाच्या हाताला?"

मी तिच्या हातातली साल तेवढी काढून घेतली. ती रुसून बाहेर गेली. घरात सगळी निजल्यावर मी हे लिहायला बसले आहे. मला कुणासमोर धड चार वाक्यं बोलता येत नाहीत, पण लिहिताना कुणी बघत नसतं.

"हाताला विचार" हे बोलणं आवडाकाकूचं.

आमचं माहेरचं गाव काशीदच्या खाली, मुरुडच्या वाटेवर. समुद्राच्या कडेनं नारळी-पोफळीच्या वाड्या आणि एकेका वाडीत एकेक घर. आवडाकाकू आमची शेजारीण. आमच्या आणि त्यांच्या वाडीत फक्त एक कुंपण, आणि त्यातही येण्याजाण्यासाठी मोकळी ठेवलेली जागा. घरात तिघंच. काकू, तिचे दीर तात्या, आणि तात्यांची मुलगी इंदू. इंदूची आई ती रांगती असतानाच गेली, तेव्हापासून इंदूला काकूनंच वाढवलं. काकूचं स्वतःचं मूल नव्हतं. लग्नानंतर वर्षाच्या आतच तिचा नवरा गेला होता. त्या वेळी ती पंधरा-सोळा वर्षांची असेल. मी पाहिली तेव्हा ती चाळिशी ओलांडलेली होती. तांबडं अलवण, डोक्यावरून पुढं ओढलेला पदर, आणि त्या पदरात गुंडाळलेले दोन्ही हात. विहिरीवर ती उजाडायच्या आत जाऊन यायची. पुढच्या अंगणात, रस्त्यावरून दिसेल अशा जागी, मी तिला कधी उभी पाहिली नव्हती.

आणि तरी गावातल्या प्रत्येक नवरीच्या तोंडाला लागणारा लेप हिच्याच पाट्यावर वाटला जाई.

मसूर रात्री दुधात भिजवायचे, सकाळी गंधासारखे वाटायचे. त्यात हळद किती, साय किती, कचोरा कधी घालायचा आणि कधी मुळीच नाही, हे ती त्या त्या मुलीचं तोंड बघून ठरवायची. काही मुलींना ती लेप देतच नसे. "तुझ्या तोंडाला काही नको गो. थंड पाण्यानं धू आणि पुळ्या खुडू नकोस. हात लावलास की वाढतील." मुली हिरमुसायच्या. त्यांना वाटायचं, काकू आपल्याला टाळत्ये.

लेप वाटून झाला की तो आधी तिच्या डाव्या हाताला लागे. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथली कातडी मऊ असते तिथं. मग पदर ओढून ती कामाला लागे आणि दुसऱ्या दिवशी बघे. मुली मागच्या दारी येऊन विचारत, "काकू, हात काय म्हणाला?"

"हात म्हणाला, हळद जास्त झाली. उद्या ये."

त्या हातावर जुने डाग पुष्कळ होते. एक तर चांगला रुपयाएवढा, काळपट आणि गुळगुळीत. आमच्या आळीतल्या एका मुलीच्या गालावर मोठा तीळ होता. कुणीतरी तिला सांगितलं, काजूच्या टरफलाचा चीक लाव, तीळ गळून पडेल. ती विचारायला आली तेव्हा काकूनं पदर सारून तो डाग दाखवला. "हा काजूच. हाताला विचारलं म्हणून हातावर राहिला. तुझ्या गालावर ठेवायचाय?" ती मुलगी आल्या पावली परत गेली. तिचा तीळ अजून आहे, आणि तिच्या नवऱ्याला तो आवडतो म्हणे.

मास्तरांच्या बायकोनं एकदा मुंबईहून तोंडाला लावायच्या क्रीमची बाटली आणली. काकूनं त्यातलंही बोटभर मागून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी हातावर उठलेलं पुरळ दाखवलं. मास्तरीणबाई म्हणाल्या, "अहो, मला काही झालं नाही, आठ दिवस लावत्ये." काकू म्हणाली, "तुम्हाला नसेल झालं. पण माझा हात नको म्हणतो." तेव्हा आम्ही सगळ्याजणी हसलो. मास्तरीणबाईंच्या त्या बोलण्यात काय होतं ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. काकूच्याही नाही.

धर्मी कोळीण मासळीची पाटी घेऊन गावात यायची. खाऱ्या वाऱ्यानं तिचं तोंड फुटायचं. ती कुंपणाबाहेर उभी राहून हाक मारायची, "काकू, तोंडाची पार सुकट झाली बघ. नवरा वळखीत न्हाय."

"बरंच आहे की. भांडण तरी होत नसेल."

"भांडायला वळखतो गो बरोबर."

मग काकू भिरंडेलाचा गोळा केळीच्या पानात बांधून कुंपणाच्या दगडावर ठेवायची. रातांब्याच्या बियांचं तेल घट्ट होतं, त्याला आम्ही भिरंडेल म्हणतो. ते ओठांना, टाचांना, फुटलेल्या गालांना चांगलं. त्यात खोटं काही नाही, मी अजून लावते. काकूच्या उपायांनी लोकांना गुण येई तो असा, साधा. काळीची गोरी तिनं कुणालाच केलं नाही आणि करीन असं कधी म्हणालीही नाही.

पण नवरीच्या तोंडाला लेप लावायचा तो सवाष्णीनं. काकूनं करवंटीत काढून ती उंबऱ्यावर ठेवायची आणि आत वळायचं, मग बाहेरच्या बाईनं उचलायची. बहुतेक वेळा ती माझी आई असे. काकू दाराआडून सांगायची, "डोळ्यांपाशी नको. वाळून तडकू देऊ नकोस. ओला असतानाच उतरव." आई तसं करायची. इतक्या नवऱ्या मुलींची तोंडं काकूनं उजळली, पण तिचं बोट एकीच्याही गालाला लागलं नाही. एका लहानग्या नवरीनं एकदा म्हटलं होतं, "काकू, तूच लाव ना, तुझे हात गार असतात." काकू म्हणाली, "माझे नकोत हो बाळ." आणि दार लोटून घेतलं.

इंदू माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. हसरी, कामसू, अंगानं उंच. रंग निमगोरा, पण गालांच्या हाडांवर उन्हानं वांग आलेला. पुढच्या अंगणातली सगळी कामं तिच्यावर असत, कारण काकूला पुढं येता येत नसे. सुपारी वाळवायची, गवत रचायचं, चैत्र-वैशाखात आमसुलं घालायची. रातांबे फोडून, सालींना रसाची पुटं देत, दिवसभर उन्हात उलथीपालथी करायची. त्यानं हात तांबडे आणि तोंड काळं होई.

मुरुडची नवाबी नुकतीच संपली होती त्या वर्षीची गोष्ट. इंदूला चौलचं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, शाळेत नोकरीला, घरी फक्त आई. आणि त्यांनी स्वतःहून निरोप पाठवला होता. तात्यांसारख्या ओढगस्तीच्या माणसाला असं स्थळ पुन्हा येणार नव्हतं. काकू त्या दिवसांत फार वेगळी दिसायची. एकदा पाट्यावर वाटता वाटता आईला म्हणाली, "वहिनी, ही या घरातनं सुटली की मला काही नको. माझ्यासारखं चुलीपुढं जन्म काढायला नको तिला."

मंडळी पंधरवड्यानं बघायला येणार होती. काकूला त्या वांगाची काळजी लागली. नेहमीचा लेप तिला पुरेसा वाटेना. वाडीत विहिरीजवळ ईडलिंबाचं झाड होतं, जाड सालीचं. ती साल खिसून, पिळून, तिचा रस तिनं लेपात घातला. कुणासाठी कधी घातला नव्हता, इंदूसाठी घातला. आधी हाताला विचारलं. एकदा नाही, तीन-चार दिवस विचारलं. हात म्हणाला, छान. कातडी मऊ झाली होती आणि वास तर असा की ती जवळून गेली की कळायचं.

मग एका सकाळी तिनं करवंटी उंबऱ्यावर ठेवली. आईनं इंदूची हनुवटी डाव्या हातात धरून लेप लावला. तो नेहमीपेक्षा पातळ होता. एक ओघळ कानाखालून मानेवर गेला, आईनं तो डाव्या हाताच्या बोटांनी निपटला आणि पुन्हा हनुवटी धरली. काकू आतून म्हणाली, "ओला असतानाच उतरव हो." आईनं ओला असतानाच उतरवला. सगळं रीतसर झालं.

खऱ्या नवरीला लेप लावला की ती घरात बसते. तिला कुणी काम सांगत नाही. पण इंदू अजून नवरी नव्हती, आणि अंगणात आमसुलं पसरलेली होती. ओल्या तोंडानं ती उन्हात गेली आणि माध्यान्हीपर्यंत आमसुलं परतत बसली.

दुसऱ्या दिवशी तोंड चुरचुरायला लागलं. तिसऱ्या दिवशी फोड आले. फोड बसले तसे गालांवर काळपट तांबडे पट्टे उठले, कपाळावर डाग, आणि कानाखालून मानेवर उतरलेली एक काळी रेघ. गावात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, अंगातली उष्णता. कुणी म्हणालं, पुढं कोड फुटणार. कुणी त्याहूनही वाईट रोगाचं नाव घेतलं. तात्यांनी तिला मुरुडला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हे वरून झालेलं आहे, आतून नाही, काही महिन्यांत आपोआप जाईल, फक्त आता दुसरं काही चोळू नका. पण पंधरवड्यातले थोडेच दिवस उरले होते, आणि काही महिने थांबायला कुणाला सवड होती?

काकू इंदूसमोर दिवा धरून बसली होती. इंदूच्या हनुवटीखाली पाहता पाहता तिनं आईला हाक मारली. तिथं चार डाग होते, लांबट, शेजारी शेजारी. "वहिनी, इथं धरलं होतंस?" आईनं हात पुढं केला. तिची चार बोटं त्या चार डागांवर बरोबर बसली. आईनं तो हात झटकन मागं घेतला. काकू मात्र शांतपणे म्हणाली, "बोटं उठलीत. म्हणजे पोरीच्या अंगात काही नाही. माझ्याच लेपात आहे."

"पण तुझ्या हाताला काही झालं नव्हतं ना?"

"नव्हतं झालं. तेच कळत नाही."

त्यानंतर एका दुपारी मी ताकाचं भांडं परत करायला गेले. काकू स्वयंपाकघरात नव्हती. मागं गोठ्याच्या आडोशाला जमिनीवर बसली होती, भर उन्हात, आणि डावा हात खांद्यापर्यंत उघडा करून पुढं धरला होता. मी तिचा एवढा हात कधी पाहिला नव्हता. जुने डाग सोडले तर पांढराफटक होता, केळीच्या गाभ्यासारखा. त्यावर चार पट्टे ओढले होते, एक हळदीचा, एक मसुरीचा, एक सायीचा आणि एक सालीच्या रसाचा.

"काकू, उन्हात काय करत्येस?"

"हाताला विचारत्ये."

दोन-तीन दिवसांनी तिनं मला बोलावून दाखवलं. तीन पट्ट्यांच्या जागी काही नव्हतं. चौथ्याच्या जागी फोड टरारले होते, इंदूला आले तसेच. काकू हाताकडं बघत म्हणाली, "इतकी वर्षं विचारलं गो याला. पण पदराखाली विचारलं. हा कधी उन्हात आलाच नाही. याला काय ठाऊक असणार?"

मी तेरा-चौदा वर्षांची. मी कुंपणातल्या वाटेनं घरी पळाले.

चौलची मंडळी ठरल्या दिवशी आली. पुढं ढकला असा निरोप तात्यांनी दिला होता, तो वाटेत राहिला की त्यांनी मुद्दाम मनावर घेतला नाही, कोण जाणे. मुलाची आई आणि मामा आले होते. माझी आई पोहे करायला गेली होती आणि मी माजघरात काकूच्या मागं उभी होते. इंदू पाटावर बसली, मान खाली. मुलाच्या आईनं तिची हनुवटी वर केली. बाई वाईट नव्हती. आवाज मऊ होता.

"हे काय गो बाळ?"

तात्या म्हणाले, "जरा उष्णता झाली आहे. जाईल."

"कधीपासून?"

तात्यांनी पानाचं तबक पुढं सारलं. माझ्यासमोर काकूचा पदर हलला, आणि मला कळायच्या आत ती उंबरा ओलांडून ओटीवर गेली. पाहुण्यांसमोर, शुभकार्याच्या बैठकीत, अलवण नेसलेली बाई. तात्या अर्धवट उठले. काकूनं पदर मागं टाकून डावा हात त्या बाईंपुढं धरला. फोड फुटून तिथं काळा पट्टा पडला होता.

"हे माझ्या लेपानं झालंय," ती म्हणाली. "तिला झालं, मलाही झालं. बघा, दोन्ही सारखंच आहे. पोरीच्या अंगात काही नाही. चुकलं ते माझं."

मुलाची आई त्या हाताकडं बघत राहिली. मग इंदूकडं. मग मामांनी घसा खाकरला आणि उपरणं सारखं केलं. "मुलगी चांगली आहे," बाई म्हणाल्या. "कळवतो आम्ही." पोह्यांच्या बश्या तशाच राहिल्या. बैलगाडी वळल्याचा आवाज आला, तेव्हा काकू अजून ओटीवर उभी होती, हात तसाच धरून.

काही कळवलं नाही त्यांनी.

गावात दोन मतं होती. काही म्हणत, डाग बघून गेले. काही म्हणत, डाग चालले असते, त्या बाईंना पटलंही होतं, पण ही समोर आली. काकूनं आईला एकदाच विचारलं, "वहिनी, मी आत राहिले असते तर?" आईनं विषय बदलला. पुढं बरेच दिवस मी काकूला मधूनच थांबलेली पाहिली, हातात पळी, नाहीतर ओलं धुणं, आणि नजर ओटीच्या दाराकडं. ती पुन्हा तेच विचारत असावी.

डागांची गोष्ट गावोगाव झाली. तात्या घाबरले. दिवाळीनंतर इंदूला तळे गावच्या एका बिजवराला दिलं. त्याला पहिलीची दोन मुलं होती आणि वय इंदूच्या दुपटीहून थोडं कमी. त्या लग्नात लेप झाला नाही. कुणी मागितला नाही, आणि काकूनं पाटा धुऊन भिंतीशी उभा करून ठेवला होता.

पुढच्या वैशाखात इंदू माहेरपणाला आली. मी धावत गेले. तिचं तोंड स्वच्छ झालं होतं. एक डाग नाही, मानेवरची रेघ नाही, हनुवटीखालची बोटं नाहीत. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. वांगसुद्धा फिका वाटत होता, बहुतेक घराबाहेर पडायला वेळ मिळत नसावा. ती चुलीजवळ काकूच्या शेजारी जाऊन बसली.

"काकू, गेले बघ डाग."

"हो गो. गेले."

"लावून तरी बघ हात." इंदूनं काकूचा डावा हात पदरातून ओढला आणि आपल्या गालावर ठेवला. काकूचा हात तिथं क्षणभर राहिला. मग तिनं तो काढून घेतला आणि चुलीतलं लाकूड उगीच पुढं सारलं. धुरानं डोळ्यांत पाणी येतं असं म्हणाली. इंदूही म्हणाली, हो, लाकडं ओली आहेत. तळ्याबद्दल काकूनं विचारलं नाही, इंदूनं सांगितलं नाही. चौलचं नाव तर कुणीच काढलं नाही.

आणखी दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं. सासर खाडीपलीकडं, दिघीहून पुढं. तोवर काकूकडं लेपासाठी कुणी जात नसे. आईला राहवलं नाही, ती मागच्या दारी जाऊन म्हणाली, "आमच्या पोरीला तरी दे." काकूनं भिंतीशी उभा केलेला पाटा खाली घेतला. मग मसूर आणि दूध एवढंच वाटून दिलं. करवंटी उंबऱ्यावर ठेवून म्हणाली, "आधी तिच्याच हाताला लाव. माझ्या नको. आणि हात उन्हात धरायला सांग."

मुलीला हेच सांगायला हवं होतं मी परवा. कुणाच्या हाताला, तर तुझ्याच. आणि उन्हात.

वऱ्हाड आगरदांड्याला होडी धरायला सकाळीच निघालं. काकू पुढं आली नाही, येणारही नव्हती. गाडी आमच्या वाडीच्या कडेनं वळली तेव्हा मी मागं वळून पाहिलं. पोफळींच्या मुळाशी, जिथं झावळ्यांतून ऊन तुकड्यातुकड्यानं पडतं, तिथं ती उभी होती. पदर मागं सारलेला. डावा हात उघडा, एका उन्हाच्या तुकड्यात पुढं धरलेला, आणि त्यावर काहीतरी ओलं चमकत होतं. ती आमच्याकडं बघत नव्हती, हाताकडं बघत होती.

माझा लेप तर केव्हाच उतरून झाला होता, आणि गावात तेव्हा दुसऱ्या कुणाचं लग्न नव्हतं.